बसलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं

हा ब्लॉग मी घाटांसाठी सुरू केला होता. कुंभार्लीत कुठल्या वळणाला दुसरा गिअर, आंबा घाटात धुकं उतरलं की काय करायचं, कुठल्या स्टँडवरचा चहा प्यायचा आणि कुठला कंडक्टरला पाजायचा, असलं काहीबाही. वाचणारे निम्मे जुने ड्रायव्हर, तेही फोन करून चुका काढण्यासाठी वाचणारे. आजचा लेख घाटाचा नाही, कमरेचा आहे, आणि कमरेसाठी पाठीत घेतलेल्या एका इंजेक्शनचा. मुलगी म्हणाली, ‘‘आप्पा, पारावर बसून सगळ्यांना तोंडी सांगताय, त्यापेक्षा एकदा लिहून टाका.’’ म्हणून लिहितोय.

एसटीत माझी 31 वर्षं गेली. त्यातली बरीचशी सांगली-स्वारगेट आणि सांगली-रत्नागिरी. ड्रायव्हरचा उजवा पाय जास्त दमतो असं लोकांना वाटतं, पण खरा हमाल डावा. जुन्या गाडीचा क्लच दाबायचा म्हणजे पायानं जातं ओढल्यासारखं. कात्रज उतरलं की स्वारगेटपर्यंत तो पाय वर-खाली, वर-खाली, आणि खालून इंजिनाची थरथर थेट माकडहाडात. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. दोन वर्षांनी एका सकाळी अंगणात वाकून बादली उचलली आणि डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या बाहेरून, नडगीवरून, थेट पायाच्या अंगठ्यात उतरली. शिंक आली तरी कळ. खोकलं तरी कळ. संडासला बसायचं म्हणजे आधी भिंतीशी बोलणी करायची.

पुढचे अडीच महिने लिहिण्यासारखे नाहीत. तेल झालं, शेक झाला, पट्टा झाला, एका माणसानं पाठीवर गुडघा ठेवून ‘काट’ केलं तेही झालं (ते करू नका). ‘मणक्यात गॅप आहे’ असं चार जणांनी चार ठिकाणी सांगितलं. आमच्या भागात गॅप नसलेला मणका एकदा कुणीतरी दाखवावा. एमआरआयमध्ये कळलं ते असं की कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी मागे सरकून डाव्या पायाकडे जाणारी नस दाबत होती. गोळ्यांनी भागेना. झोप उडाली. शेवटी मिरज.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे दुखणं हाताबाहेर गेलं की मिरज, हे ठरलेलं. विल्यम वॉनलेस नावाच्या, अमेरिकन मिशनच्या पण मूळच्या कॅनडातल्या डॉक्टरनं 1894 साली तिथं हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून कर्नाटकातले पेशंटही मिरजेची वाट धरतात. माझं इंजेक्शन मात्र त्या हॉस्पिटलात झालं नाही, मिरजेतच दुसरीकडे झालं. कुठं ते लिहीत नाही, कारण डॉक्टर माणूस चांगला होता आणि पुढचं वाचून कुणी नसता अर्थ काढायला नको.

डॉक्टर भूलतज्ज्ञ, आता फक्त दुखण्याचीच कामं करणारे. त्यांनी सांगितलं, पाठीच्या कण्यात जो मज्जारज्जूचा बोगदा आहे, त्याच्या आतल्या पिशवीच्या बाहेर थोडी मोकळी जागा असते. तिला एपिड्युरल म्हणतात. त्या जागेत स्टिरॉइड सोडायचं. नसेची सूज उतरते, कळ कमी होते. गादी जागेवर जात नाही, हेही त्यांनी सांगितलं. तेव्हा मी ते ऐकलं नाही. मला एवढंच ऐकू आलं की पंधरा मिनिटांचं काम आहे आणि संध्याकाळी घरी.

मग एक फॉर्म आला. दीड पान. बारीक अक्षरात ओळी. जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारलेली होती. मी फुलीवर सही केली. आयुष्यभर मार्गफलकावरचं प्रत्येक अक्षर वाचणारा माणूस मी, आणि स्वतःच्या पाठीचा कागद न वाचता दिला.

त्या दिवशी माझ्या आधी एक गृहस्थ बसले होते. त्यांना हृदयात स्टेंट घातलेली, रक्त पातळ होण्याची गोळी चालू. ती त्यांनी बंद केली नव्हती. डॉक्टरांनी त्यांना परत पाठवलं. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, ते म्हणतील तितके दिवस गोळी थांबवा, मग या. गृहस्थ चिडले. जतहून गाडी करून आले होते. मलाही वाटलं, एका सुईसाठी केवढा बाऊ. कारण नंतर समजलं. त्या मोकळ्या जागेत शिरांचं जाळं असतं. सुईनं एखादी शीर फुटली आणि रक्त पातळ असलं, तर ते थांबत नाही. हातावर फुटली तर काळंनिळं होतं आणि विषय संपतो. इथं चहूबाजूंनी हाड आहे. रक्ताला पसरायला जागा नाही, मग ते नसांना दाबतं. काही तासांत पाय जाऊ शकतात, आणि तासांतच ऑपरेशन करून ते रक्त काढावं लागतं. क्वचित होतं. पण होतं, म्हणून ते गृहस्थ जतला परत गेले.

माझी पाळी आली. पालथं झोपवलं, पोटाखाली उशी. पाठीवर गार औषध पुसलं, बधिर करायची बारीक सुई टोचली. वर सी-आर्म, म्हणजे चालू एक्स-रेचं मशीन. पडद्यावर माझा कणा. डॉक्टर बोलत बोलत काम करत होते. मोठी सुई आत सरकवताना मागच्या सिरिंजवर अंगठा हलकासा दाबून धरायचा. जोवर सुई जाड पडद्यात आहे तोवर दट्ट्या आत जात नाही. पडदा पार झाला की एकदम सुटतो. मी म्हटलं, ‘‘साहेब, म्हणजे क्लच पकडतो ती जागा. ती पायाला कळते, डोळ्याला नाही.’’ ते हसले. म्हणाले, ‘‘बरोबर, फक्त तुमच्याकडे चार बोटं मोकळी असतात, माझ्याकडे काही मिलिमीटर.’’

त्या काही मिलिमीटरपुढे काय आहे हे मी विचारलं नाही.

पाय दोन-तीन तास जड होता, बधिर औषधामुळे. तेवढं अपेक्षित असतं. संध्याकाळी घरी आलो आणि खरंच सांगतो, कळ निम्म्यावर आलेली. रात्री मात्र उचकी सुरू झाली. पाणी, साखर, श्वास रोखणं, काही चालेना. दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा तांब्यासारखा लाल. आमच्या मंडळींनी जवळ येऊन वास घेतला. ‘‘अहो, खरं सांगा, मिरजेत कुठं बसला होता?’’ आयुष्यात न प्यालेल्या माणसावर निवृत्तीनंतर हा आळ. उचकी दोन दिवसांनी थांबली, लाली त्याच्याआधी गेली. दोन्ही स्टिरॉइडचेच प्रताप, आणि दोन्ही आपोआप जाणारे.

साखरेचं तसं नाही. मला आठ वर्षं मधुमेह आहे. उपाशीपोटी 130-140 असते. तिसऱ्या दिवशी 312 निघाली. मला वाटलं मशीन बिघडलं, म्हणून शेजारच्यांचं मागवलं. 305. इंजेक्शन पाठीत दिलं तरी औषध रक्तात उतरतंच, आणि साखर काही दिवस वर ठेवतं. हे दुर्मिळ वगैरे नाही, मधुमेह असलेल्याला बहुधा होतंच. घरी मशीन असेल तर आठवडाभर रोज बघावी आणि गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावं. मी फोनवर विचारलं, डोस वाढवून मिळाला, दहाव्या दिवशी गाडी रस्त्याला लागली.

आता मूळ गोष्ट. त्याच तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बसलो आणि मानेच्या मागून डोक्यात कुणीतरी पाना आवळल्यासारखं झालं. कानात दडे. घाटमाथ्यावर चढताना कान बंद होतात तसे. चहा पुढं आला तर मळमळ. परत आडवा झालो. थोड्या वेळानं बरं वाटलं. म्हटलं, झोप कमी झाली असेल.

असं पाच दिवस चाललं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळी दिली. दुसऱ्यांनी बीपी बघितला, थोडा वर होता, मग बीपीवर ढकललं. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला. साखर वाढलीय म्हणून डोकं दुखतंय असंही झालं. सासूबाई 82 वर्षांच्या, त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि वास आला नाही म्हणून दृष्ट पक्की केली. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता. पित्त, बीपी, चष्मा, दृष्ट या गोष्टी रोज दिसतात. ज्याचं नाव रोज ऐकू येत नाही, त्याच्याकडे कुणाचं बोट जात नाही.

मुलगी पुण्यात स्टाफ नर्स आहे. तिला मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, रात्रपाळ्या चालू होत्या. पाचव्या दिवशी आईनं फोनवर सांगून टाकलं. तिनं फोन माझ्याकडे द्यायला लावला.

‘‘आप्पा, डोकं कधी दुखतं?’’

‘‘दिवसभर दुखतं गं.’’

‘‘तसं नाही. आत्ता कसे आहात, बसलाय का पडलाय?’’

‘‘पडलोय.’’

‘‘आत्ता दुखतंय?’’

मी थांबलो. दुखत नव्हतं.

‘‘उठून बसा. दोन मिनिटं फोन धरून ठेवते.’’

दोन मिनिटंही लागली नाहीत.

‘‘आईला म्हणावं रिक्षा बोलव. मिरजेला जा. मागच्या सीटवर आडवे होऊन जा,’’ ती म्हणाली. आणि मग, नर्सचा आवाज सोडून मुलीच्या आवाजात, ‘‘पाच दिवस, आप्पा?’’

मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणानं. डेपोत गाडी लावली की ड्रायव्हरनं बिघाड लिहून द्यायचा असतो. नवीन पोरं लिहितात, ‘गाडी बरोबर नाही.’ आमचे एक जुने मेकॅनिक असलं वाचलं की वही भिरकवायचे. ‘‘बरोबर न्हाई म्हंजे काय रं? आवाज कवा येतो? चढाला येतो का उताराला? क्लच दाबल्यावर थांबतो का न्हाई? त्ये लिव!’’ नंतर मी स्वतः शिकाऊ पोरांना हेच शिकवलं, वीस वर्षं. आणि स्वतःच्या डोक्याबद्दल पाच जणांना काय सांगितलं? ‘‘डोकं दुखतंय.’’ गाडी बरोबर नाही.

डॉक्टरांनी मला स्ट्रेचरवरच ऐकलं. आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, सुईचं टोक बहुतेक जरासं पुढं जाऊन पिशवीला भोक पडलं. त्या पिशवीत मेंदूभोवतीचंच पाणी असतं, ते थेंबथेंब गळतंय. उभं राहिलं की पाण्याचा आधार कमी पडून मेंदू खाली ओढला जातो, आडवं झालं की ओढ संपते. बहुतेकांचं आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप भरून येतं. पडून राहा, पाणी-चहा-कॉफी भरपूर, वेदनाशामक. पण पाच दिवस झालेत, कानात दडे आहेत, तुम्हाला बसताही येत नाही, तेव्हा पॅच करू.

पॅच म्हणजे ट्यूबला लावतात तोच प्रकार, फक्त रबराऐवजी स्वतःचं रक्त. दंडातून 20 मिली रक्त काढलं आणि लगेच पाठीतल्या त्याच मोकळ्या जागेत सोडलं. ते तिथं गोठून भोक बुजवतं. पुन्हा पाठीत सुई म्हटल्यावर मी नको म्हटलं होतं, पण बायकोनं असं बघितलं की गप पालथा झालो. दोन तास आडवं ठेवलं. मग उठवून बसवलं. मी डोळे मिटून पाना आवळण्याची वाट बघत होतो. काही नाही. कानातला दडा ‘टक’ करून सुटला आणि पहिला आवाज ऐकू आला तो बाहेर कुणीतरी पार्किंगवरून भांडत होतं त्याचा. इतकं गोड भांडण मी आजवर ऐकलं नाही.

घरी पडल्या पडल्या मुलीकडून पुढचं सगळं वदवून घेतलं, थोडं वाचलंही. मला आवडलेली गोष्ट अशी. 1898 साली जर्मनीत आउगुस्ट बीर नावाचा सर्जन पाठीतून भूल देण्याचा शोध लावत होता. प्रयोगासाठी त्यानं स्वतःच्याच पाठीत सुई घालून घेतली. सिरिंज सुईवर बसेना आणि पाणी गळून गेलं. पुढचे नऊ दिवस बीर डोकं धरून होता. त्यानं मात्र नोंद नीट केली: आडवं झालं की थांबतं. म्हणजे जे मला पाच दिवसांत सुचलं नाही, ते सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं. रक्ताच्या पॅचची युक्ती 1960 सालची, गोर्मली नावाच्या अमेरिकन सर्जनची. सुई घालताना ज्यांचं थोडं रक्त सांडतं त्यांचं डोकं कमी दुखतं, एवढ्या निरीक्षणावरून त्याला ती सुचली. हा माणूस आमच्या वर्कशॉपला चालला असता.

माझं निभावलं. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा बाकावर शेजारी एक पाव्हणे भेटले, तासगावकडचे द्राक्षबागायतदार, हातात काठी. बोलण्यातून कळलं की दुसऱ्या एका गावात त्यांनाही असंच इंजेक्शन झालं होतं. माझ्यासारखाच मधुमेह. दोन आठवड्यांनी कंबर पुन्हा दुखू लागली, पण वेगळीच. आधी पायात कळ होती, आता पाठीत एकाच जागी ठणका, रात्री जास्त. अधूनमधून अंगात कणकण. घरचे म्हणाले, इंजेक्शन लागू पडलं नाही. तापाला गावातल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हटलं. तेव्हा ऑक्टोबर छाटणी चालू होती. माणसं मिळत नव्हती. ‘‘म्हटलं, छाटणी झाली की जातो. छाटणी झाली आणि पाय उचलंना.’’

आत पू झाला होता. त्याच मोकळ्या जागेत. त्वचेवरचे जंतू सुईच्या वाटेनं आत गेलेले. साखर जास्त असली की असल्या जंतूंचं फावतं. तातडीनं ऑपरेशन, मग सहा आठवडे शिरेतून औषधं. आता काठी घेऊन चालतात, पण बागेत उतरता येत नाही, बांधावरून बघतात. त्यांना मी विचारलं, ताप आल्यावर डॉक्टरांना सांगितलं होतं का की पंधरा दिवसांपूर्वी पाठीत सुई घातलीय? म्हणाले, ‘‘न्हाई ओ. तापाचा आन् कमरंचा काय संबंध?’’

माझं डोकं आणि त्यांचा ताप, दोन्हीकडे घोटाळा एकच. दुखणं सांगितलं, पण सुईचं सांगितलं नाही, आणि कधी दुखतं ते सांगितलं नाही.

त्यांना मी अमेरिकेतली 2012 सालची गोष्ट सांगितली. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात एक औषधं तयार करून पुरवणारी कंपनी होती. तिच्याकडून गेलेल्या स्टिरॉइडच्या बाटल्यांतच बुरशी होती. डॉक्टरांनी सुई नीट घातली, जागा नीट शोधली, सगळं बरोबर, आणि औषधच नासकं. पाठीत, सांध्यात ते गेलं आणि अनेकांना मेंदूच्या आवरणाची बुरशी झाली. सरकारी मोजणीप्रमाणे 20 राज्यांत 753 पेशंट, 64 मृत्यू. बुरशीचं नाव एक्सेरोहिलम रोस्ट्रेटम. ही गवतावर, मका-ज्वारीच्या पानांवर ठिपके पाडणारी जात. बागायतदार एवढा वेळ शांत होते, ते एकदम म्हणाले, ‘‘शाळूवरची बुरशी? माणसाच्या मणक्यात?’’ करपा आणि डाऊनीशी जन्मभर लढलेला माणूस. त्यांना तो आकडा समजला नसेल, पण ठिपका समजला.

अजून एक प्रकार वाचला, तो मला इंजिनवाला माणूस म्हणून लगेच कळला आणि म्हणूनच रात्री झोप लागली नाही. पाठीत देतात ती स्टिरॉइडं दोन तऱ्हेची. मेथिलप्रेड्निसोलोन, ट्रायमसिनोलोन ही दुधासारखी, हलवून घ्यावी लागतात, कारण आत बारीक कण तरंगत असतात. डेक्सामेथासोन पाण्यासारखं स्वच्छ. कणवाल्याचा असर जास्त टिकतो असं मानतात, म्हणून ते वापरात आलं. पण मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या नसांच्या बाजूनंच, मणक्यांच्या खिडक्यांतून आत शिरतात. खालच्या भागातली मोठी धमनी अ‍ॅडमकिविझ नावाच्या शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखतात, बहुतेकांत ती डाव्या बाजूला असते. बाजूच्या खिडकीतून इंजेक्शन देताना चुकून सुई अशा धमनीत गेली आणि कणवालं औषध सुटलं, तर डिझेलच्या पाइपात कचरा अडकावा तसा रक्तपुरवठा बंद. त्यापुढचा मज्जारज्जू मरतो. पॅच नाही, दुरुस्ती नाही. मानेत हा धोका आणखी मोठा, तिथल्या धमन्या मेंदूकडे जातात. अमेरिकेच्या औषध खात्यानं एप्रिल 2014 मध्ये यावर जाहीर इशारा दिला: दृष्टी जाणं, पक्षाघात, पाय जाणं, मृत्यू. क्वचित, पण घडलेलं. म्हणूनच आधी रंगाचं औषध सोडून सी-आर्मवर ते कुठं वाहतंय ते बघतात, आणि मानेत खिडकीतून द्यायचं असेल तर कणवालं औषध वापरू नये असं तज्ज्ञांनी सांगितलंय.

माझं इंजेक्शन खिडकीतून नव्हतं, मागून मधून होतं. हे मला इंजेक्शननंतर दोन महिन्यांनी कळलं, विचारल्यावर. डॉक्टरांनी आनंदानं कागदावर चित्र काढून दाखवलं. आधी विचारलं असतं तर आधी काढलं असतं.

आता लोक विचारतात, गुण आला का? आला. पायातली कळ दहावरून चारवर आली, मी झोपू लागलो, चालू लागलो, व्यायाम सुरू झाला. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यातलं किती सुईचं आणि किती दिवसांचं हे मला ठरवता येत नाही. सायटिका, म्हणजे नस दाबून पायात उतरणारी ही कळ, बऱ्याच जणांचा काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप उतरतो. म्हातारपणी कण्याचा बोगदाच अरुंद होतो त्या दुखण्यावर 2014 साली 400 पेशंटांचा एक अभ्यास अमेरिकेत छापून आला. निम्म्यांना स्टिरॉइड आणि बधिर औषध, निम्म्यांना नुसतं बधिर औषध. सहा आठवड्यांनी दोघांत फारसा फरक नाही. ब्रिटनच्या सरकारी सूचना म्हणतात, त्या दुखण्यात हे इंजेक्शन देऊ नका, पण ताज्या आणि जबरदस्त सायटिकात विचार करायला हरकत नाही. माझा सायटिका जबरदस्त होता, ताजा म्हणण्याइतका ताजा होता. पुन्हा तशीच रात्र आली तर मी पुन्हा पालथा झोपेन. पण कमर नुसती भरून येते, उठताना धरते, एवढ्यासाठी नाही. आमच्यातला एक कंडक्टर वर्षात पाच घेऊन आलाय, पाच ठिकाणी, कुणालाच आधीचं न सांगता. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवत असतं, बाहेरून सारखं मिळालं की ते बनवायचं थांबवतं. तो हल्ली तोंडानं सुजलाय आणि जिना चढला की बसतो. त्याला मी रागावलो, तर म्हणतो, ‘‘फरक पडतोय की.’’

गेल्या आठवड्यात मेव्हण्याची पाळी आली. बायकोचा धाकटा भाऊ, मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे कामाला. सगळं करून थकला, शेवटी त्याच डॉक्टरांकडे नेलं. फॉर्म आला. फुलीसकट. मी खिशातून चष्मा काढला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘‘काका, नुसती सही करायचीय.’’ म्हटलं, ‘‘बाळा, गाडी सुटायला वेळ आहे.’’ आणि मोठ्यानं वाचायला लागलो. डोकेदुखी तिसऱ्या ओळीत होती. माझंही तेच छापील पान असणार, म्हणजे तिसऱ्याच ओळीत. त्याखाली रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नसांना इजा. सातव्या ओळीला मेव्हणा उठला. ‘‘दाजी, ह्ये ऐकून मी घरला जातो.’’

गेला नाही. आम्ही आत जाऊन विचारलं: मधून देणार का खिडकीतून, औषध दुधाळ का स्वच्छ, बाटली नवी सील फोडून का, रात्री काही झालं तर कुठल्या नंबरवर. डॉक्टरांनी सगळ्याची उत्तरं दिली, माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, ‘‘तुमच्यावर मी जास्तच मेहनत घेतली वाटतं.’’

इंजेक्शन नीट झालं. आज चौथा दिवस. मी रोज संध्याकाळी सातला फोन करतो. बसल्यावर डोकं दुखतं का? ताप, थंडी? पायातली ताकद कालच्यापेक्षा कमी वाटते का? सीटला टेकतो तो भाग बधिर नाही ना? लघवी होते ना? या शेवटच्या दोन-तीन प्रश्नांना गडबड उत्तर आलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच निघायचं, हे त्याच्या बायकोलाही सांगून ठेवलंय. त्यांची रिक्षा दारातच असते.

काल तो वैतागला. ‘‘दाजी, होते! सकाळपासून सात वेळा झाली. लिहून ठेवू का?’’

म्हटलं, ‘‘ठेव.’’